मोटारीच्या पत्र्यावरील पोचे : कारणे आणि दुरुस्ती

मोटारगाडीला मोठा अपघात क्वचितच होतो. लहानसहान धक्के मात्र तिला वरचेवर सोसावे लागतात. अरुंद गल्लीतून जाताना हातगाडीचा दांडा दाराला लागतो, उभ्या गाडीवर सायकल कलंडते, नारळीखाली ठेवलेल्या गाडीच्या टपावर नारळ पडतो, वळवाच्या गारा बॉनेटवर आदळतात. गाडीच्या चालण्यात यामुळे काही उणे येत नाही. परंतु पत्र्यावर पोचा पडतो आणि मालकाच्या डोळ्यांना तो खुपत राहतो. असे पोचे काढणारे कारागीर भारतातील प्रत्येक लहानमोठ्या शहरात आढळतात. ‘डेंटर’ या नावाने ते ओळखले जातात. त्यांचे काम म्हणजे हातोडीचे चार ठोके, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः क्षणार्धात पडलेला साधा पोचा उतावीळपणे ठोकल्यास कायमचा बिघडू शकतो, आणि तोच पोचा समजून हाताळल्यास पुष्कळदा रंगालाही धक्का न लागता निघतो. हा फरक हाताच्या जोरामुळे पडत नाही. धातूच्या गुणधर्मांचे ज्ञान असणे वा नसणे हे त्याचे कारण आहे.

पोलादी अंगाची घडण

आरंभीच्या मोटारींचा सांगाडा घोडागाडीप्रमाणे लाकडाचा असे व त्यावर पत्रे ठोकलेले असत. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील एडवर्ड बड यांच्या कारखान्याने १९१४ नंतरच्या काळात डॉज बंधूंच्या गाड्यांसाठी संपूर्ण पोलादी अंगे मोठ्या प्रमाणावर तयार केली, आणि तेव्हापासून दाबयंत्रात साच्याने घडविलेला पत्रा हेच मोटारीचे अंग बनले. भारतात उत्तरपाडा येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तयार होणारी अँबॅसडर गाडी तिच्या दणकट पत्र्याबद्दल प्रसिद्ध होती. पुढे इंधनाची बचत व्हावी म्हणून गाड्या हलक्या होत गेल्या. आजच्या बहुतेक गाड्यांच्या बाहेरील पत्र्याची जाडी सुमारे ०.७ मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाच्या दोनतीन थरांइतकीच असते.

इतका पातळ पत्रा ताठ कसा राहतो? याचे उत्तर त्याच्या आकारात आहे. दार, बॉनेट, टप यांचे पत्रे सपाट दिसत असले तरी त्यांना किंचित बाक दिलेला असतो. अंड्याचे कवच किंवा देवळाचा घुमट ज्या कारणाने भार पेलतो, त्याच कारणाने हा बाकदार पत्रा आपला आकार टिकवून धरतो. परंतु पेलता येईल त्याहून अधिक जोर एका जागी पडला, की तेवढा भाग एकदम आत जातो व बहिर्वक्राचा अंतर्वक्र होतो. रिकाम्या रॉकेलच्या डब्याचा तळ अंगठ्याने दाबला असता तो ‘टक्’ असा आवाज करून आत जातो, आणि मागून दाबला की तसाच बाहेर येतो, हे अनेकांनी पाहिले असेल. मोटारीवरील पोच्याचा आरंभ असाच होतो.

दोन प्रकारचे वाकणे

मऊ पोलादाची एक मीटर लांबीची पट्टी ओढली, तर ती सुमारे एक मिलिमीटर वाढेपर्यंत तिला काही अपाय होत नाही. जोर काढताच ती मूळ लांबीवर येते. या गुणास स्थितिस्थापकता म्हणतात. याहून अधिक ओढल्यास काही वाढ कायमची राहते. धातूच्या या दुसऱ्या गुणास आकार्यता असे नाव आहे. सारांश, पोलादाची स्थितिस्थापक सीमा त्याच्या लांबीच्या सुमारे सहस्रांशाएवढीच आहे. उच्च प्रतीच्या पोलादांत ती काहीशी अधिक असते.

ही मर्यादा पोच्यास लावून पाहता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. पत्रा वाकविला की त्याचे एक पृष्ठ ताणले जाते व दुसरे आकसते. बाक जितका आखूड त्रिज्येचा, तितका हा ताण अधिक. ०.७ मिलिमीटर जाडीचा पत्रा सुमारे ३५ सेंटिमीटर त्रिज्येच्या पिंपावर गुंडाळला, तर त्याचे बाहेरील पृष्ठ एक सहस्रांशाने ताणले जाते, म्हणजे ते जेमतेम सीमेवर असते. तोच पत्रा ५ मिलिमीटर त्रिज्येच्या सळईवर वाकविला, तर बाहेरील पृष्ठ शेकडा सहा ते सात इतके ताणले जाते. सीमेच्या साठपटीहून हा ताण अधिक आहे.

आता पोच्याकडे पाहावे. त्याचा मधला भाग विस्तीर्ण व उथळ असतो. तेथील बाक सौम्य असल्यामुळे तेथील धातू स्थितिस्थापक सीमेच्या आत किंवा तिच्या आसपासच राहिलेला असतो. परंतु पोच्याच्या भोवती जी कड उठलेली दिसते, तेथे पत्रा अगदी आखूड त्रिज्येत वाकलेला असतो व तेथील धातू कायमचा मुरडलेला असतो. मधला भाग परत आपल्या जागी येऊ पाहत असतो; ही मुरडलेली कड त्याला अडवून धरते. म्हणजे जो खड्डा डोळ्यांत भरतो तो बव्हंशी परिणाम असून खरे नुकसान कडेच्या अरुंद पट्ट्यात झालेले असते. दुरुस्तीचा पहिला नियम यातूनच निघतो : प्रथम कड मोकळी करावी, खड्डा नंतर पाहावा. धक्का लागताना प्रथम खड्डा पडला व शेवटी कड उठली. दुरुस्तीचा क्रम याच्या उलट असावा लागतो.

नवशिका नेमके याविरुद्ध करतो. तो मागील बाजूने खड्ड्याच्या मध्यावर हातोडी हाणतो. कड तशीच असल्याने मधला भाग जागेवर येत नाही. मात्र प्रत्येक ठोक्याने तेथील निर्दोष पत्रा ताणला जातो. अखेर खड्ड्याच्या जागी फुगवटा येतो.

ठोकल्याने धातू कठीण का होतो

एकच तार त्याच जागी पुनःपुन्हा वाकविली तर ती प्रत्येक वेळी अधिक ताठर होत जाते व शेवटी तुटते. याचा उलगडा १९३४ साली झाला. धातू हा असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा बनलेला असून त्या स्फटिकांतील अणूंच्या रांगांत ठिकठिकाणी दोष असतात. हे दोष एका रांगेतून दुसऱ्या रांगेत सरकतात म्हणून धातू न फुटता वाकतो, असे टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी त्या वर्षी स्वतंत्रपणे प्रतिपादिले. धातू जसजसा ठोकावा वा वाकवावा तसतशी या दोषांची संख्या वाढते, ते एकमेकांत गुंततात व पुढे सरकण्यास त्यांना वाव उरत नाही. धातू कठीण होतो तो यामुळे.

भांडी घडविणाऱ्या कारागिरांना हा गुण शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचे भांडे घडवून झाले की त्यावर हातोडीने सारख्या अंतरावर ठोके देतात. या मठारकामाने भांड्यास शोभा येते व त्याचा पत्राही टणक होतो. पंजाबात अमृतसरजवळील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांची पितळ-तांब्याची भांडी घडविण्याची कला २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. तांब्याचे भांडे घडविताना पत्रा कडक झाला की तो तापवून पुन्हा मऊ करतात आणि मग पुढील ठोके देतात. कारण तापविल्याने स्फटिकांची रचना नव्याने होते.

मोटारीच्या पोच्यात हीच गोष्ट घडलेली असते. कडेचा पत्रा मुरडताना आधीच कठीण झालेला असतो व शेजारचा पत्रा मऊ असतो. म्हणून बेताबाताने जोर लावला तर शेजारचाच भाग आधी वाकतो. ठोके थोडे, नेमके व हलके असावेत असे जुने मिस्त्री शिकाऊ मुलांना सांगतात. अनावश्यक ठोक्यागणिक पत्रा अधिक कठीण आणि अधिक पातळ होतो, हे त्याचे कारण आहे.

पोच्याची पारख

काम हाती घेण्यापूर्वी पत्रा स्वच्छ धुवून घेतात; धूळ राहिल्यास रंगावर ओरखडे उठतात व उंचसखलपणाही कळत नाही. नंतर लांब सरळ नळीचा दिवा किंवा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा फलक गाडीजवळ धरून त्याचे प्रतिबिंब पत्र्यात पाहतात. प्रतिबिंबातील रेषा जेथे वाकते तेथे पत्र्याचा उतार बदललेला असतो. ही कसोटी फार सूक्ष्म आहे. पृष्ठभाग जितक्या कोनातून कलतो त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळतो. एक मीटरमध्ये एक मिलिमीटर इतका अल्प उतार असला, तरी पाच मीटर अंतरावरील प्रतिबिंब सुमारे एक सेंटिमीटर सरकते. म्हणूनच चकचकीत काळ्या गाडीवर जे व्यंग लगेच दिसते, ते रंग काढलेल्या निस्तेज पत्र्यावर मुळीच दिसत नाही.

जेथे प्रतिबिंब मिळत नाही तेथे स्पर्शाचा आधार घ्यावा लागतो. तळहाताखाली पातळ सुती फडके धरून हात लांबवर, एकाच दिशेने, चांगल्या भागावरून पोच्यावर व पुन्हा चांगल्या भागावर फिरवितात. फडक्यामुळे घर्षण कमी होऊन उंचवटा व खळगा स्पष्ट जाणवतो.

हातोडी आणि डॉली

पत्र्याच्या कामाची मुख्य हत्यारे दोन. एक सपाट व गुळगुळीत तोंडाची हलकी हातोडी, आणि दुसरी डॉली. डॉली म्हणजे मुठीत मावेल अशी पोलादाची लहान ऐरण; तिच्या निरनिराळ्या बाजूंना निरनिराळा बाक असतो व पत्र्याच्या मूळ बाकाशी जुळणारी बाजू कामासाठी निवडतात.

ही हत्यारे दोन रीतींनी वापरता येतात. पहिल्या रीतीत डॉली पत्र्याच्या मागे खोलगट भागाखाली दाबून धरतात, आणि बाहेरून ठोका देतात तो मात्र शेजारच्या उठलेल्या कडेवर. कड खाली बसते व त्याच वेळी मागील डॉलीच्या दाबाने खळगा थोडा वर येतो. येथे पत्रा हातोडी व डॉली यांच्यामध्ये चेपला जात नाही. त्यामुळे तो ताणलाही जात नाही. कडेच्या सर्व बाजूंनी असे हलके ठोके देत आत आत येत गेले की पुष्कळ पोचे जवळजवळ आपण होऊन उघडतात.

दुसऱ्या रीतीत डॉली नेमकी ठोक्याच्या खाली असते. पत्रा दोन पोलादांमध्ये सापडून सपाट होतो, परंतु त्याचबरोबर पातळ होऊन पसरतो. राहिलेला बारीक खडबडीतपणा घालविण्यासाठी शेवटी ही रीत थोडीशी वापरावी. आरंभीच तिचा अवलंब केल्यास पत्र्याची वाढ होते आणि वाढलेल्या पत्र्याला जागा मिळत नाही. मग बोटाने दाबताच आत जाणारा व सोडताच बाहेर येणारा, रॉकेलच्या डब्यासारखा ‘टकटक’ करणारा भाग तयार होतो.

असा वाढलेला पत्रा आवळण्याची युक्ती उष्णतेच्या नियमावर आधारलेली आहे. फुगवट्याच्या शिरोभागी एक लहान ठिपका गॅसच्या बारीक ज्योतीने लाल होईपर्यंत तापवितात. समजा, २० मिलिमीटर रुंदीचा ठिपका सहाशे अंशांनी तापला, तर तो सुमारे ०.१४ मिलिमीटर पसरू पाहतो. भोवतालचा थंड पत्रा त्यास पसरू देत नाही. मऊ झालेला ठिपका मग जाडीत वाढतो. निवताना तो आकुंचन पावतो आणि चहूबाजूंचा पत्रा आपल्याकडे ओढून घेतो. ठिपका फार मोठा घेतल्यास सगळाच पत्रा वेडावाकडा होतो. म्हणून एका वेळी एकच लहान ठिपका तापवून पूर्ण निवू देणे हितावह असते.

रंग न मोडता दुरुस्ती

कारखान्यात दिलेल्या रंगाच्या सर्व थरांची मिळून जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. गंजापासून गाडीचे जे संरक्षण हा भट्टीत पक्का केलेला रंग करतो, तसे दुकानातील रंगास साधणे कठीण असते. पोचा उथळ असून रंगास तडा गेलेला नसेल, तर रंगास हात न लावता दुरुस्ती करणे सर्वांत उत्तम.

यासाठी टोकाशी वाकविलेल्या लांब पोलादी सळ्या काचेच्या फटीतून किंवा आतील अस्तर काढून पत्र्यामागे घालतात. प्रतिबिंबाकडे सतत लक्ष ठेवून सळईच्या टोकाने पोचा किंचित किंचित वर दाबतात. उठलेली कड बोथट टोकाच्या प्लास्टिक खुंटीने खाली बसवितात. मागील बाजूस हात पोचत नसेल, तर गरम डिंकाने बाहेरून प्लास्टिकची गुंडी चिकटवून पोचा ओढून घेतात. गारांनी पडलेले पोचे या रीतीने चांगले निघतात. परंतु पत्र्यास घडी पडली असेल, पोचा दाराच्या काठावर असेल किंवा रंग तडकला असेल, तर या पद्धतीचा आग्रह धरू नये.

पोच्यावर ऊन पाणी ओतून लगेच बर्फ लावावा, असा एक घरगुती उपाय सांगितला जातो. दहा सेंटिमीटर रुंदीचा पोलादी पत्रा पन्नास अंशांनी थंड केला तर तो केवळ ०.०६ मिलिमीटर आकसतो. मुरडलेली कड सरळ करण्याचे सामर्थ्य एवढ्याशा आकुंचनात नाही. प्लास्टिकच्या बंपरची गोष्ट वेगळी. तो गरम पाण्याने मऊ होतो आणि मागून दाबल्यास बहुधा पूर्ववत होतो. एकास लागू पडणारा उपाय दुसऱ्यास लावला जाऊन हा गैरसमज पसरला असावा.

लांबी भरणे व रंग देणे

ठोकून शक्य तितका समतल केलेल्या पत्र्यावर उरलेले बारीक खळगे लांबीने भरतात. पूर्वी यासाठी शिसे व कथील यांचा मिश्रधातू वितळवून वापरीत. शिसे विषारी असल्याने तो प्रघात मागे पडला. हल्ली पॉलिएस्टर राळेची लांबी वापरतात. तीत अल्प प्रमाणात कठिणीकारक मिसळला की ती काही मिनिटांत घट्ट होते.

लांबीचा थर दोनतीन मिलिमीटरांहून अधिक नसावा. राळ व पोलाद यांचे उष्णतेने होणारे प्रसरण सारखे नसते. शिवाय पत्रा थरथरतो. जाड थर कालांतराने तडकतो, तड्यातून पाणी झिरपते आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या भागाखाली गंज पसरत जातो. मुंबई, चेन्नई वा कोची यांसारख्या सागरतीरावरील शहरांत खाऱ्या हवेमुळे हा नाश अधिक वेगाने होतो. पत्रा नीट न ठोकता खड्डा लांबीने बुजविणे ही मालकाची फसवणूकच होय. लहान चुंबक पातळ कागदात गुंडाळून पत्र्यावरून फिरविला, तर जाड लांबीच्या जागी त्याची ओढ स्पष्टपणे मंदावते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी ही परीक्षा अवश्य करून पाहावी.

उघड्या पोलादावर गंजरोधक अस्तराचा हात त्याच दिवशी द्यावा. पुष्कळ गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा लेप असतो. घासताना तो विनाकारण खरवडू नये.

जेथे हात आखडावा

सर्वच पोलाद सारखे नसते. दारांमधील खांब, उंबरठ्याची पेटी व अन्य आधारभाग आजच्या गाड्यांत अतिशय बळकट पोलादाचे असतात. त्यांचे बळ ठरावीक उष्णतोपचाराने आलेले असते. ज्योतीने तापविल्यास ते नाहीसे होते. बाहेरून हा दोष दिसत नाही, परंतु पुढील अपघातात तो खांब प्रवाशांचे रक्षण करू शकत नाही. असा भाग वाकला असेल तर निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे तो बदलावा. ॲल्युमिनियमचा पत्रा तापताना लाल होत नाही आणि ६६० अंश सेल्सिअसला एकाएकी वितळतो. त्याची हत्यारेही वेगळी ठेवावी लागतात, कारण पोलादाचे कण त्यात रुतले तर तेथे गंज धरतो. काही नव्या गाड्यांत बंपरमागे रडार असते. त्यापुढे लांबीचे थर दिल्यास त्याच्या कार्यात व्यत्यय येऊ शकतो. दारात वा आसनात हवेच्या सुरक्षापिशव्या असल्यास निर्मात्याच्या सूचनेनुसार त्यांचा विद्युत्प्रवाह तोडल्यावाचून जवळपास ठोकू नये.

कारागिराचे आरोग्य

गाडीचा पत्रा सुधारतो. तो सुधारणाऱ्याच्या शरीराची हानी मात्र हळूहळू होते व सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबेल ही आवाजाची सुरक्षित मर्यादा अनेक देशांतील आरोग्यतज्ज्ञ धरतात. पत्र्यावरील हातोडीचा आवाज ती सहज ओलांडतो. कानांतील सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून कानबोळे बहिरेपणा येण्यापूर्वी वापरले तरच उपयोगी. लांबी घासताना उडणारी धूळ फुप्फुसांत जाते. पाणी लावून घासणे शक्य असेल तेथे तसे करावे. जस्ताचा लेप असलेला पत्रा तापविल्यास त्याच्या धुराने थंडीताप भरतो.

सर्वांत मोठा धोका दोन भाग मिसळून फवारल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेन रंगांचा आहे. त्यांच्या कठिणीकारकात आयसोसायनेट जातीची द्रव्ये असतात. १९८४ साली भोपाळ येथे ज्या वायूने हजारोंचे प्राण घेतले तो याच कुळातील होता. रंगातील द्रव्ये त्याहून वेगळी व कमी बाष्पनशील असली, तरी फवाऱ्याचे तुषार श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो. आणि तो एकदा जडला की पुढे अत्यल्प संपर्कानेही उसळतो. तोंडावर बांधलेला रुमाल यापासून मुळीच संरक्षण देत नाही. फवारणीसाठी वेगळी हवेशीर खोली आणि स्वच्छ हवा नळीने पुरविणारा मुखवटा आवश्यक आहे. हा खर्च लहान दुकानदारास जड वाटतो. परंतु तो न केल्यास त्याची भरपाई कारागिराच्या श्वासाने होते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटारीच्या अंगाची दुरुस्ती व रंगकाम हे विषय शिकविले जातात; तरीही बहुसंख्य मुले हे काम एखाद्या मिस्त्रीच्या हाताखालीच शिकतात. ठोका कोठे द्यावा हे ती पाहून पाहून शिकतात. तो तेथेच का द्यावा हेही त्यांना कळले, तर नव्या जातीचे पोलाद वा नवा रंग समोर आल्यावर त्यांचे कौशल्य निरुपयोगी ठरणार नाही. मालकांनीही एवढे ध्यानात ठेवावे की, रंग न तडकलेला पोचा महिनाभर तसाच राहिला तरी बिघडत नाही. मात्र रंग उडून पोलाद उघडे पडले असेल, तर पावसाळ्यापूर्वी त्यावर अस्तर चढले पाहिजे. आणि गाडी दुरुस्तीस देताना ‘किती दिवसांत देता?’ या प्रश्नाबरोबरच ‘रंग कोठे फवारता व मुखवटा कोणता वापरता?’ असेही विचारावे.